दोघांची नदी, दोघांची वीज

सायंकाळी दिवा लावताना ही वीज कोठून आली, असा विचार आपण क्वचितच करतो. आमच्या गोमंतकात मोठे वीजकेंद्र नाही; बहुतेक वीज परराज्यांतील केंद्रांतून, शेजाऱ्यांच्या भूमीवरून तारांवाटे येते. एकाच देशातील राज्यांना हे साधते. परंतु दोन स्वतंत्र राष्ट्रांनी मिळून एकच वीजकेंद्र चालवावयाचे ठरविले, तर ते कसे जमावे? विद्यार्थिमित्रांनो, याचे उत्तर शोधण्यासाठी आपण दक्षिण अमेरिकेचा नकाशा उघडू या.

ब्राझील व पॅराग्वे यांच्या सीमेवरून पराना ही विशाल नदी वाहते. तिच्यावर सेते केदास, म्हणजे सात धबधबे, नावाचा प्रचंड जलप्रपात होता. त्या परिसरात सीमारेषा नेमकी कोठे, याविषयी उभय राष्ट्रांत जुना तंटा होता. १९६६ साली दोघांनी निराळा मार्ग स्वीकारला: नदीची शक्ती उभयतांची मानावी व ती मिळून वापरावी. २६ एप्रिल १९७३ रोजी तसा करार झाला आणि इताइपू येथे धरण उभे राहिले. गुआरानी भाषेत या नावाचा अर्थ ‘गाणारा दगड’ असा सांगतात. १९८४ साली तेथून प्रथम वीज मिळाली. आज तेथे प्रत्येकी ७०० मेगावॅटची २० जनित्रे, म्हणजे एकूण १४,००० मेगावॅटची क्षमता आहे.

येथे एक मौजेची अडचण होती. पॅराग्वेची वीज आपल्याप्रमाणेच सेकंदास ५० आवर्तनांची, तर ब्राझीलची ६० आवर्तनांची. कोणी कोणाची पद्धत स्वीकारावी? कोणीच नाही! दहा जनित्रे एका पद्धतीची व दहा दुसऱ्या पद्धतीची बसविली. पॅराग्वेच्या वाट्यातून ब्राझील जी वीज घेतो, तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून ती सुमारे ८०० किलोमीटर दूर नेतात व तेथे ६० आवर्तनांची करतात. आपली रीत न सोडताही सहकार्य करता येते, याचा हा उत्तम दाखला होय.

तथापि सहकार्य म्हणजे आपोआप न्याय नव्हे. करारान्वये वीज निम्मी-निम्मी. परंतु आपल्या वाट्याची न लागणारी वीज दुसऱ्या भागीदारासच द्यावयाची, असे बंधन होते. पॅराग्वे लहान, त्याची गरज थोडी. त्यामुळे त्याची उरलेली वीज ब्राझीलला जाई, आणि तिचा मोबदला फार अल्प मिळतो अशी त्याची तक्रार होती. पुष्कळ वाटाघाटींनंतर २००९ साली हा मोबदला तिपटीने वाढविण्याचे ठरले. धरणाचे कर्ज २०२३ च्या फेब्रुवारीत फिटले, आणि पन्नास वर्षांनी आर्थिक कलमांचा फेरविचार करण्याची तरतूदही मूळ करारातच होती.

नदी पुढे अर्जेंटिनात जाते. वरच्यांनी पाणी अडविले तर खालच्याने काय करावे? म्हणून १९७९ साली तिन्ही राष्ट्रांनी पाण्याच्या पातळीविषयी समझोता केला. या वैभवाची किंमतही मोठी होती, हे विसरून चालणार नाही. १९८२ साली जलाशय भरला, तेव्हा ते सात धबधबे कायमचे बुडाले. हजारो कुटुंबांना, त्यांत गुआरानी आदिवासींनाही, घरेदारे सोडावी लागली. तंट्याची भूमी पाण्याखाली गेली. पण तिजबरोबर कित्येकांची जन्मभूमीही गेली.

यातून आम्हांस तीन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. शेजाऱ्याशी भागीदारी करताना वाटा स्पष्ट असावा. लहान भागीदाराची तक्रार ऐकण्यास जागा असावी. आणि ज्यांच्या अंगणातून पाणी वाहते, त्यांना आधी विचारावे. वर्गात एका बाकावर बसणाऱ्या दोघांनाही हा धडा तितकाच लागू आहे. आज रात्री दिव्याचे बटण दाबताना, त्या उजेडासाठी कोणी काय दिले, याचे क्षणभर स्मरण करावे.