जगातील मिशनकार्याकरिता मंडळीची प्रार्थना

अभ्यासपाठ : उपदेशक, मंडळीचे वडील व प्रार्थनासभा चालविणारे बंधुभगिनी यांच्याकरिता

वाचावयाचे भाग : मत्तय ९:३५ ते १०:८, प्रेषितांची कृत्ये १३:१–३, कलस्सैकरांस पत्र ४:२–४



चंद्रपूर व गडचिरोली ह्या आपल्या अरण्यप्रदेशातील मंडळ्या लहान आहेत. एका गावी चार घरे, तर दुसऱ्या गावी सात. धानाची बांधी, मोहफुले व तेंदूपान ह्यांवर कित्येकांचे वर्ष निभते. अशा मंडळीस जगातील मिशनकार्यासाठी प्रार्थना करावयास सांगितले म्हणजे पुष्कळांच्या मनात असा प्रश्न येतो की, "आमच्याच घरी ताप आहे, आमच्याच गावी उपदेशक कधीमधी येतो, मग दूरच्या देशांची काळजी आम्ही काय म्हणून वाहावी? ते काम शहरातील मोठ्या मंडळ्यांचे होय." हा प्रश्न टाकाऊ नाही. गरिबाच्या अनुभवातून तो निघतो, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे.

१. ही आज्ञा कोणाला झाली?

मत्तयाच्या नवव्या अध्यायात प्रभू गावोगाव फिरत आहे. मेंढपाळावाचून भटकणाऱ्या मेंढरांसारखे लोक पाहून त्याला कळवळा येतो, आणि पीक उदंड असता कामकरी थोडे आहेत म्हणून पिकाच्या धन्याजवळ मागणे करा, असे तो शिष्यांस सांगतो. हे शिष्य कोण होते? कोणी कोळी, कोणी जकातदार. त्यांच्यापाशी ना द्रव्य होते, ना राजसत्ता. प्रभूने त्यांस आधी वर्गणी गोळा करावयास सांगितले नाही. आधी प्रार्थना करावयास सांगितले. लगेच दहावा अध्याय वाचा. ज्यांस प्रार्थना करण्याची आज्ञा झाली, त्यांसच प्रभूने पाठविले. यावरून कळते की, जो मनापासून कामकऱ्यांसाठी मागतो, त्याचे स्वतःचे पायही देव कामास लावतो.

अंत्युखियाची मंडळी पाहा. ती नवी होती, तरी उपासप्रार्थना करून तिने बर्णबा व शौल हे आपले उत्तम शिक्षक दुसऱ्या मुलखास दिले. पुढे तोच पौल बंदिवासातून कलस्सैच्या मंडळीस प्रार्थनेची विनंती करतो. आपल्या बेड्या तुटाव्या असे तो तेथे मागत नाही. वचनासाठी दार उघडावे एवढेच मागतो. आपल्या प्रार्थनेत प्रथम कोणती गोष्ट यावी, ह्याचा नमुना येथे आहे.

२. आपण कोणाच्या प्रार्थनेचे फळ आहोत?

तलावाचे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत कसे उतरते हे आपणांस ठाऊक आहे. वरच्या शेतकऱ्याने धुरा फोडून दिला तरच खालच्याचे धान जगते. शुभवर्तमान आपल्या मराठी मुलखात असेच दुसऱ्यांच्या बांधीतून आले.

सन १८०६ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील विल्यमस्टाउन गावी पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी रानात जमले होते. वादळ आले, तेव्हा ते वाळलेल्या गवताच्या गंजीच्या आडोशास गेले. आपल्या खळ्यावर तणसाची गंजी असते तशीच ती समजा. तेथे बसून त्यांनी आशिया खंडातील लोकांविषयी बोलणे केले व त्यांच्यासाठी प्रार्थना केली. त्यांतील एकानेही मराठी माणूस पाहिला नव्हता. त्या प्रार्थनेतून जी चळवळ उठली, तिच्यामुळे १८१० साली अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था स्थापन झाली. त्याच पाठशाळेत शिकलेले गॉर्डन हॉल व त्यांचे सोबती सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तो हाच.

हॉल साहेब तेरा वर्षे राबले. १८२६ साली ते नाशिककडे गेले असता तेथे पटकीची साथ होती. जवळचे औषध त्यांनी आजाऱ्यांस वाटून टाकले, आणि परतीच्या वाटेवर २० मार्च रोजी तोच रोग होऊन ते वारले.

आपल्या बाजूस स्कॉटलंडातील मंडळ्यांची प्रार्थना फळास आली. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. त्यांनी शाळा काढल्या व गोंड लोकांची भाषा आणि चालीरीती ह्यांविषयी मोठ्या आस्थेने माहिती जमविली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाहून परत येताना नाल्याच्या पुरात ते बुडाले. त्यांची ती टिपणे १८६६ साली सर रिचर्ड टेंपल यांनी छापविली. पुढे चांद्यास स्कॉटिश एपिस्कोपल मंडळीने, तर सिरोंच्यास अमेरिकन मेथडिस्ट मंडळीने काम केले. चांद्याचे काम पाहणारे अलेक्झांडर वुड हे पुढे छोटा नागपूरचे व नंतर नागपूरचे बिशप झाले. ह्या सर्वांच्या पाठीशी त्यांच्या देशी कोणी म्हातारी, कोणी विणकर, कोणी शाळामास्तर गुडघे टेकीत होते. त्यांची नावे कोठे छापली नाहीत. वरच्या बांधीतील पाणी आपणांपर्यंत पोहोचले. आता धुरा बंद करून बसलो, तर खालचे शेत सुकेल आणि आपलेही धान साचल्या पाण्यात कुजेल.

३. ही प्रार्थना केवळ परदेशाची देणगी नव्हे

जगासाठी प्रार्थना करणे ही गोऱ्या लोकांची रीत होय, असे कोणी म्हणेल. त्याने लुधियान्याची हकीकत ऐकावी. १८५७ च्या बंडात तेथील मिशनची मालमत्ता जळाली, आणि त्याच मिशनरी संस्थेचे फत्तेगड येथील कामकरी कानपुरास स्त्रियामुलांसह मारले गेले. पुढच्याच वर्षी लुधियाना मिशनची सभा भरली, तेव्हा तिने सूडाची किंवा भरपाईची भाषा काढली नाही. १८६० च्या जानेवारीत एक आठवडा सर्व जगातील ख्रिस्ती लोकांनी सर्व मनुष्यजातीसाठी प्रार्थनेत घालवावा, अशी तिने विनंती केली. ती देशोदेशी मानली गेली, आणि वर्षारंभीचा प्रार्थनासप्ताह ही चाल त्यातून पडली. म्हणजे ही हाक हिंदुस्थानातून निघून जगभर गेली.

सिरोंच्याजवळ गोदावरी ओलांडली की तेलुगू मुलूख लागतो. त्या मुलखात दोर्नकल येथे तिरुनेलवेलीच्या तमिळ ख्रिस्ती लोकांनी आपले मिशन चालविले. १९०३ साली त्यांनी इंडियन मिशनरी सोसायटी काढली; तिचा पैसाही आपला व माणसेही आपली. तिचे एक संस्थापक व्ही. एस. अझरिया हे स्वतः तेलुगू शिकून तेथे राहिले, आणि १९१२ साली दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन मंडळीचे ते पहिले हिंदी बिशप होत. दक्षिणेकडील गरीब मंडळ्यांत बायका स्वयंपाकाचे तांदूळ काढताना एक मूठ प्रभूसाठी निराळ्या मडक्यात टाकीत. मूठ टाकताना प्रार्थना केली म्हणजे ती विसरली जात नाही, आणि जिच्याजवळ पैसा नाही तीही मिशनकार्याची भागीदार होते. ही रीत आपल्या धानाच्या मुलखास तर सहज साधण्याजोगी आहे.

केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी मुलींस रोज प्रार्थनेसाठी जमण्यास बोलाविले, तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशे झाली. त्यांत दुष्काळातून वाचविलेल्या अनाथ मुली पुष्कळ होत्या. हिंदुस्थानातील सर्व ख्रिस्ती लोकांसाठी त्या मध्यस्थी करीत. तेव्हा "आम्ही गरीब" ही सबब प्रार्थनेच्या कामी चालत नाही.

४. उत्तर लांबते तेव्हा

येथे कठीण गोष्टही सांगितली पाहिजे. बर्लिनचे पाळक योहान गॉस्नर हे प्रार्थनेविषयी प्रसिद्ध होते. त्यांनी पाठविलेले काही जर्मन कामकरी १८४२ च्या सुमारास अमरकंटकाजवळ करंजिया येथे गोंड लोकांत राहावयास गेले. थोड्याच काळात रोगाने त्यांतील बहुतेकांचा अंत झाला व ते काम मोडले. प्रार्थना तर झाली होती. मग असे का झाले? ह्याचे उत्तर देवाने आपणांस दिलेले नाही, आणि उपदेशकाने ते आपल्या पदरचे देऊ नये. पण पुढची गोष्ट आपण पाहू शकतो. गॉस्नर यांनी प्रार्थना सोडली नाही. १८४५ साली त्यांची दुसरी माणसे रांचीस गेली. पाच वर्षे एकही मनुष्य विश्वासात आला नाही. १८५० च्या जूनमध्ये चार उराव पुरुषांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर उराव व मुंडा लोकांत मोठी मंडळी उभी राहिली. तीही आपल्यासारखीच रानातील माणसे होती.

चीनच्या युनान प्रांतातील डोंगरांत लिसू नावाचे लोक राहतात. त्यांच्यात जेम्स फ्रेझर हे १९१० पासून फिरू लागले. कित्येक वर्षे काम जमेना, तेव्हा ते फार खचले. इंग्लंडात त्यांच्या आईने काही थोड्या लोकांस जमवून लिसूंसाठी नित्य प्रार्थना चालविली. फ्रेझर त्यांस पत्रे लिहून कोणत्या गावी काय घडले, कोण डळमळले, कोण आजारी आहे, हे बारकाईने कळवीत. सन १९१६ पासून लिसूंची घराणीच्या घराणी ख्रिस्ताकडे वळू लागली. फ्रेझर १९३८ साली वारले. पुढे १९४९ नंतर चीनमधून परदेशी मिशनरी निघून गेले, १९६६ पासून मंदिरे बंद झाली. तरी लिसूंची मंडळी टिकली व आजही आहे. मिशनरी गेले म्हणून देवाचे काम संपत नाही. आपल्या देशातही आता मंडळ्यांचा भार आपणांवरच आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास अनेक मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली, ती ह्याच जबाबदारीची खूण होय.

५. प्रार्थना कशी करावी?

पहिले, माहितीने करावी. "हे देवा, सर्व जगाला आशीर्वाद दे," एवढे म्हणून थांबणाऱ्याला उत्तर आले तरी ओळखू येत नाही. एका आठवड्यास एकच देश किंवा एकच लोकसमाज घ्यावा. तो कोठे आहे, तेथील लोक काय खातात, कोणती भाषा बोलतात, हे उपदेशकाने सोप्या शब्दांत सांगावे.

दुसरे, प्रार्थना थोडक्यात करावी. कित्येक जण डोळे मिटून मंडळीलाच उपदेश करतात. प्रार्थना देवाशी बोलणे होय. अक्षरओळख नसलेल्या भगिनींसही दोन वाक्ये मोठ्याने बोलू द्यावीत.

तिसरे, प्रार्थना प्रेमाने करावी. आपल्या शेजाऱ्याचा पाडाव व्हावा असे मागणे ही मिशनची प्रार्थना नव्हे. ज्या गावकऱ्याने आपणांस दुखविले असेल, त्याच्या घरच्या आजाऱ्याचे नाव आधी घ्यावे. आपल्या अरण्यातील पुष्कळ गावांनी वर्षानुवर्षे बंदुकीचे भय सोसले आहे. त्यात ज्यांची मुले गेली त्या सर्व घरांची, मग ती कोणत्याही बाजूची असोत, आठवण करावी.

चौथे, प्रार्थनेबरोबर देणे व जाणे असावे. मूठभर तांदूळ द्यावा. आणि मंडळीतील एखादा मुलगा किंवा मुलगी पाळक, परिचारिका किंवा शिक्षिका होऊन दूर जाऊ म्हणेल, तर आईबापांनी वाट अडवू नये.

आठवड्याचा क्रम

रविवार : आपली मंडळी, पाळक व उपदेशक.
सोमवार : माडिया, गोंड व रानातील इतर लोक, त्यांचे आरोग्य व शिक्षण.
मंगळवार : महाराष्ट्रातील सर्व मंडळ्या.
बुधवार : हिंदुस्थानातील इतर प्रांत व तेथे काम करणारे आपले देशबंधू.
गुरुवार : आशियातील देश, बंदीत असलेले विश्वासी.
शुक्रवार : आफ्रिका, युरोप व अमेरिका. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभरच्या स्त्रिया एकत्र प्रार्थना करतात. ही रीत १९२७ पासून जगभर चालत आली आहे. आपल्या भगिनींनी त्यात सामील व्हावे.
शनिवार : ज्या प्रार्थनांची उत्तरे मिळाली त्यांबद्दल उपकारस्तुती.

तेंदूपानाच्या दिवसांत सर्व जण पहाटेच रानात जातात व सभा भरत नाही. तेव्हा वाटेने चालतानाच त्या त्या दिवसाचे नाव घ्यावे.

विचारासाठी प्रश्न

१. मत्तयाचा नववा अध्याय व दहावा अध्याय ह्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे?
२. बंदिवासात असता पौलाने कशासाठी प्रार्थना मागितली? आपण संकटात प्रथम काय मागतो?
३. आपल्या गावी शुभवर्तमान प्रथम कोणी आणले? त्याच्यासाठी कोण प्रार्थना करीत असेल?
४. ज्याचे उत्तर अजून आले नाही अशी कोणती प्रार्थना आपण सोडून दिली आहे?

उपदेशकांस सूचना : तिसरा प्रश्न मंडळीतील वृद्धांस विचारावा व त्यांचे उत्तर वहीत लिहून ठेवावे. पुढच्या रविवारी सभेत एक मडके ठेवून मुठीच्या तांदळाचा आरंभ करावा, आणि ज्या लोकसमाजासाठी मंडळी प्रार्थना करणार त्याचे नाव भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे. पिकाचा धनी आपणां सर्वांस त्याच्या कामात विश्वासू ठेवो. आमेन.