पंच चुकतो तेव्हा

(खेळ म्हटला की जिंकणे-हरणे आले आणि वादही आले. वाद मिटवण्यासाठी मैदानावर पंच असतो. पण पंचही माणूसच आहे. त्याने काय पाहावे, कोणाचे ऐकावे आणि चूक झाल्यास काय करावे, हे या पाठात बेसबॉल या खेळाच्या उदाहरणांवरून सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, शाळा सुटल्यावर तुम्ही क्रिकेट खेळता. पहिली बॅटिंग कोणाची, यावर किती ओढाताण होते! पण “पंच कोण होणार?” असे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. मग ज्याचा पाय मुरगळला असेल, त्याला यष्टीमागे उभे करतात. तो ‘बाद’ म्हणाला की एक संघ ओरडतो आणि ‘नाही’ म्हणाला की दुसरा. असे हे कोणालाच नको असलेले काम आहे. तरीही ते आनंदाने करणारी माणसे जगात आहेत. त्यांची ओळख करून घेण्यासाठी आपण अमेरिकेत जाऊ या.

अमेरिकेत बेसबॉल फार लोकप्रिय आहे. हा खेळ तुम्हांला समजायला अवघड नाही. प्रत्येक संघात नऊ खेळाडू असतात. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार खुणा असतात. त्यांना ‘बेस’ म्हणतात. चेंडू टाकणारा तो ‘पिचर’ आणि मारणारा तो ‘बॅटर’. बॅटर चेंडू मारून पहिल्या बेसकडे धावतो. तेथून दुसऱ्या, तिसऱ्या आणि शेवटी मूळ जागी तो परतला की एक धाव होते. तो बेसवर पोचण्याआधी चेंडू हातात घेतलेल्या खेळाडूने त्या बेसवर पाय ठेवला, तर तो बाद होऊ शकतो. तीन खेळाडू बाद झाले की डाव दुसऱ्या संघाकडे जातो.

मुलांसाठी तेथे ‘लिटल लीग’ नावाची संघटना आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट या गावी १९३९ साली कार्ल स्टोट्झ या गृहस्थांनी अवघ्या तीन संघांवर तिची सुरुवात केली. आज ती अनेक देशांत पसरली आहे. दरवर्षी तिची जागतिक स्पर्धा भरते. त्या स्पर्धेतले पंचसुद्धा मोबदला न घेता काम करतात. गावोगावच्या सामन्यांत तर कोणी दुकानदार, कोणी शिक्षक, कोणी कारखान्यातला कामगार सुट्टीच्या दिवशी पंच म्हणून उभा राहतो. तो तोंडावर जाळी लावतो, छातीला संरक्षक कवच बांधतो आणि चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या मागे वाकून उभा राहतो. मोठ्या सामन्यांत चार पंच असतात. हौशी सामन्यांत बहुधा दोनच असतात आणि कधी कधी एकटाच! चेंडू, बॅटर, धावणारे खेळाडू, रेषा, बेस, हे सारे त्या दोन डोळ्यांनी पाहायचे असते.

अशा सामन्यांत प्रत्येक संघाबरोबर प्रशिक्षक असतो. आपल्या खेळाडूंवर अन्याय झाला असे वाटले की तो मैदानात येतो आणि पंचाला जाब विचारतो. अशा वेळी पंचाने काय करावे?

चांगला पंच आधी एक गोष्ट मनाशी स्पष्ट करतो. निर्णय दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार डोळ्यांचा. चेंडू आधी पोचला की धावणारा? चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर? पंचाला जे दिसले, तोच येथे निर्णय. त्यावर हरकत घेता येत नाही. दुसरा प्रकार नियमाचा. जे घडले ते दोघांनाही मान्य आहे. पण त्याला कोणता नियम लागू होतो, यावर मतभेद आहे. येथे मात्र प्रशिक्षकाला विचारण्याचा हक्क आहे आणि पंचाला ऐकण्याचे बंधन आहे.

एक उदाहरण पाहू. समजा, बारा वर्षांच्या मुलांचा सामना चालू आहे. पिचरने टाकलेला चेंडू वेगाने बॅटरच्या अंगावर येतो. मुलगा मागे सरकतो. पण चेंडू त्याच्या बॅट धरलेल्या बोटांवर आदळतो. पंच खेळ थांबवतो आणि मुलाला पहिल्या बेसवर जायला सांगतो. लगेच दुसऱ्या संघाचा प्रशिक्षक धावत येतो.

“हे बरोबर नाही! हात हा बॅटचाच भाग असतो. चेंडू बॅटला लागला असे धरा!”

पंच आवाज चढवत नाही. तो खेळाडूंपासून चार पावले दूर जातो. प्रशिक्षकाचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबतो. मग विचारतो, “चेंडू बोटांवर लागला, हे तुम्हांला मान्य आहे?”

“हो, मान्य आहे.”

“म्हणजे तुमची तक्रार नियमाविषयी आहे. बेसबॉलच्या नियमात हात हा शरीराचा भाग आहे, बॅटचा नाही. त्याने बॅट फिरवली नव्हती आणि चेंडू चुकवण्याचा प्रयत्न केला होता. म्हणून त्याला पहिला बेस दिला.”

मित्रांनो, तुम्हांलाही प्रशिक्षकाचेच म्हणणे खरे वाटले ना? कारण क्रिकेटमध्ये बॅट धरलेला हात बॅटचाच भाग मानतात. एका खेळातला नियम दुसऱ्या खेळात चालत नाही. ‘सगळ्यांना ठाऊक आहे’ असे आपण ज्याला म्हणतो, ते पुष्कळदा नियमपुस्तकात नसतेच. म्हणून शहाणा पंच नियमपुस्तक जवळ बाळगतो आणि शंका आली तर ते उघडून पाहतो. त्यात कमीपणा नाही.

शंका असेल तर तो आपल्या जोडीदार पंचालाही विचारतो. पण न विचारता एक पंच दुसऱ्याच्या निर्णयात ढवळाढवळ करत नाही. एवढ्यानेही प्रशिक्षकाचे समाधान झाले नाही, तर तो रीतसर तक्रार नोंदवू शकतो. लिटल लीगमध्ये ती पुढचा चेंडू टाकण्याआधी नोंदवावी लागते आणि ती फक्त नियमाविषयी असावी लागते. प्रशिक्षक शिवीगाळ करू लागला, तर मात्र पंच त्याला मैदानाबाहेर काढू शकतो. मग संघाच्या पुढच्या सामन्यालाही त्याला मुकावे लागते. ही शेवटची शिक्षा आहे. जो पंच ती ऊठसूट वापरतो, त्याला लोक भितात, पण मानत नाहीत.

आता दोन खऱ्या घटना वाचा. त्या मोठ्या, व्यावसायिक सामन्यांतल्या आहेत. पण त्यांतला धडा लहान मैदानावरच्या पंचालाही उपयोगी आहे.

पहिली घटना नियमाची. २४ जुलै १९८३ रोजी न्यूयॉर्क येथे यांकीज आणि कॅन्सस सिटी रॉयल्स यांचा सामना होता. शेवटच्या डावात रॉयल्स ४-३ असे मागे होते आणि त्यांचे दोन खेळाडू बाद झाले होते. जॉर्ज ब्रेट याने चेंडू थेट मैदानाबाहेर मारला. दोन धावा मिळाल्या आणि रॉयल्स ५-४ असे पुढे गेले. तोच यांकीजचे व्यवस्थापक बिली मार्टिन पंचांकडे आले आणि म्हणाले, “त्याची बॅट पाहा.” हात घसरू नये म्हणून खेळाडू बॅटला पाइन झाडापासून केलेले चिकट डांबर लावतात. ते मुठीकडून १८ इंचांपर्यंतच लावावे, असा नियम होता. ब्रेटच्या बॅटवर ते त्याहून पुढे गेले होते. मूळ बेसची रुंदी १७ इंच असते. पंच टिम मॅक्लेलंड यांनी बॅट त्यावर ठेवून मापली आणि ब्रेटला बाद ठरवले. सामना संपला! ब्रेट रागाने लाल होऊन पंचांच्या अंगावर धावून गेला. इतरांनी त्याला कसेबसे धरून ठेवले.

रॉयल्सने रीतसर तक्रार केली. लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी ती मान्य केली. पंचांनी लावलेला अर्थ नियमाच्या शब्दांना धरून होता, पण हेतूला धरून नव्हता, असे त्यांचे मत पडले. डांबरामुळे चेंडू काही दूर जात नाही. फार तर ती बॅट बाजूला ठेवायला हवी होती. धावा रद्द करायला नको होत्या. १८ ऑगस्ट रोजी सामना तेथूनच पुढे सुरू झाला. मार्टिन यांनी नवी हरकत काढली, “ब्रेटने त्या दिवशी सगळ्या बेसना पाय लावलाच नव्हता!” त्या दिवशी पंच दुसरेच होते. त्यांना हे कसे माहीत असणार? पण पंचप्रमुखांनी शांतपणे एक कागद पुढे केला. ब्रेटने सर्व बेसना स्पर्श केला होता, असे आधीच्या पंचांचे ते प्रतिज्ञापत्र होते. वाद तेथेच मिटला आणि रॉयल्सने सामना ५-४ असा जिंकला. धावून जाण्याने जे झाले नाही, ते लेखी तक्रारीने झाले.

दुसरी घटना डोळ्यांची. २ जून २०१० रोजी डेट्रॉइट येथे अर्मांडो गॅलरागा हा पिचर खेळत होता. त्याने ओळीने २६ बॅटर बाद केले होते. एकालाही बेसवर पोचू दिले नव्हते. आणखी एक बाद झाला की त्याचा सामना ‘परिपूर्ण’ ठरणार होता. शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात तोवर हे फक्त २० वेळा घडले होते. सत्ताविसाव्या बॅटरने चेंडू मारला. गॅलरागा स्वतः पहिल्या बेसकडे धावला, सहकाऱ्याने फेकलेला चेंडू त्याने झेलला आणि बेसवर पाय ठेवला. पंच जिम जॉइस यांनी दोन्ही हात पसरले. बाद नाही!

प्रेक्षक खवळले. सहकारी खेळाडू पंचांवर ओरडू लागले. गॅलरागा मात्र किंचित हसला, जागेवर परतला आणि त्याने पुढचा बॅटर बाद करून सामना संपवला.

जॉइस यांना वीस वर्षांहून अधिक अनुभव होता. सामन्यानंतर त्यांनी चित्रफीत पाहिली. धावणारा स्पष्टपणे बाद होता. त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. ‘माझी चूक झाली, मी त्या मुलाचा परिपूर्ण सामना हिरावून घेतला,’ अशी त्यांनी जाहीर कबुली दिली आणि गॅलरागाला भेटून रडत रडत क्षमा मागितली. माणसाच्या हातून चूक होतेच, असे म्हणून गॅलरागाने त्यांना मिठी मारली. दुसऱ्या दिवशी जॉइस पुन्हा पंच म्हणून उभे राहिले. संघाची यादी त्यांच्या हातात द्यायला स्वतः गॅलरागाच आला. जॉइस यांचे डोळे पाण्याने भरले होते. निर्णय बदलला नाही. पुस्तकात तो सामना आजही ‘परिपूर्ण’ म्हणून नोंदलेला नाही. पण त्याच महिन्यात एका नियतकालिकाने १०० खेळाडूंना ‘सर्वांत चांगला पंच कोण?’ असे विचारले, तेव्हा सर्वाधिक मते जॉइस यांनाच मिळाली.

त्या मोठ्या सामन्यांत २०१४ पासून अशा निर्णयांसाठी चित्रफितीची मदत घेतली जाते. पण गावच्या मैदानावर कॅमेरा नसतो. तेथे पंचाचा प्रामाणिकपणा हाच कॅमेरा! आपण चुकलो असे नंतर लक्षात आले, तर काही पंच दुसऱ्या वेळी त्या संघाच्या बाजूने निर्णय देऊन भरपाई करू पाहतात. ही मोठी चूक आहे. एका अन्यायाने दुसरा अन्याय पुसला जात नाही. अन्याय एकाचे दोन होतात.

मित्रांनो, उद्या तुमच्यावर पंच होण्याची पाळी आली, तर मागे सरू नका. जे दिसले ते निर्भयपणे सांगा. समोर सख्खा भाऊ खेळत असला तरी तेच सांगा. नियमाविषयी कोणी विचारले, तर ऐकून घ्या. आणि चूक झाली, तर ती कबूल करा. आणि खेळाडू असाल तर? तर गॅलरागाला आठवा. पंचाने चुकून बाद दिले, म्हणून बॅट आपटू नका. तो मुरगळलेल्या पायाचा मुलगा तुमच्यासाठीच उन्हात उभा आहे.

शब्दार्थ

पंच – अंपायर, मुन्सिफ
हौशी – आवडीखातर खेळणारा, शौकिया
निर्णय – फैसला
जाब विचारणे – कारण सांगायला लावणे
ढवळाढवळ करणे – दुसऱ्याच्या कामात विनाकारण हात घालणे
हेतू – मकसद
प्रतिज्ञापत्र – हलफनामा
सबब – बहाणा
हिरावून घेणे – छीन लेना

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लिटल लीगची सुरुवात कोठे व केव्हा झाली?
(आ) पंच मॅक्लेलंड यांनी बॅट कशावर ठेवून मापली?
(इ) गॅलरागाने ओळीने किती बॅटर बाद केले होते?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पंचाचे निर्णय कोणत्या दोन प्रकारचे असतात?
(आ) मॅकफेल यांनी रॉयल्सची तक्रार का मान्य केली?
(इ) चूक करूनही जॉइस यांना खेळाडूंनी चांगला पंच का मानले असेल?

प्र. ३. पुढील शब्द उर्दूतही आहेत. पण मराठीत त्यांचा अर्थ वेगळा होतो. दोन्ही अर्थ लिहा व मराठी वाक्यात उपयोग करा.
हरकत, तक्रार, खुलासा

प्र. ४. कोण, कोणास म्हणाले?
(अ) “त्याची बॅट पाहा.”
(आ) “चेंडू बोटांवर लागला, हे तुम्हांला मान्य आहे?”

उपक्रम : वर्गातील दोन संघांच्या सामन्यात पंच व्हा. तुमच्या एखाद्या निर्णयावर वाद झाला, तर तो डोळ्यांचा होता की नियमाचा, हे पाच-सहा ओळींत लिहा.