वर्तुळावरील बिंदू आणि कागदावरील लाट

माध्यमिक शाळेत त्रिकोणमितीचा परिचय काटकोन त्रिकोणाच्या द्वारे करून दिला जातो. समोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन, लगतची बाजू भागिले कर्ण म्हणजे कोसाइन, ही व्याख्या विद्यार्थी पाठ करतो. ०, ३०, ४५, ६० व ९० अंशांचे कोष्टकही पाठ करतो. अडचण उद्भवते ती पुढील इयत्तेत. १५० अंशांचा कोन काटकोन त्रिकोणात मावत नाही. मग त्याचे साइन कोठून आणावयाचे? १२० अंशांचे कोसाइन ऋण का? अशा वेळी फळ्यावर एकाएकी एक नागमोडी रेषा अवतरते आणि तिचा त्रिकोणाशी संबंध काय, हे न उमगताच ती वहीत उतरवून घेतली जाते. पुष्कळांची गणिताशी फारकत होते ती येथेच.

ही गाठ सोडविण्यास दोरा, खडू आणि मोठा कागद एवढे साहित्य पुरते. कागदाच्या डाव्या बाजूस १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे आणि ही त्रिज्या म्हणजेच १ एकक असे मानावे. वर्तुळाच्या मध्यातून एक आडवी रेषा काढून ती उजवीकडे लांबवर न्यावी. आता एक बिंदू वर्तुळाच्या उजव्या टोकापासून निघून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने परिघावरून चालू लागला, अशी कल्पना करावी. त्याने किती अंतर चालले हे परिघावर दोरा बसवून मोजावे, आणि तोच दोरा सरळ करून उजवीकडील आडव्या रेषेवर ठेवावा. त्या ठिकाणी, बिंदू आडव्या रेषेच्या जितका वर असेल तितक्याच उंचीवर खूण करावी.

दर ३० अंशांना दोरा सुमारे ५.२ सेंटिमीटर पुढे सरकतो. उंची मात्र प्रथम ५, मग ८.७ आणि शेवटी १० सेंटिमीटर अशी भरते. म्हणजे पहिल्या टप्प्यात ५, दुसऱ्यात ३.७ आणि तिसऱ्यात अवघी १.३ सेंटिमीटर वाढ होते. १५० अंशांवर बिंदू डावीकडे गेलेला असतो, तरी उंची पुन्हा ५ असते. १८० अंशांनंतर तो रेषेखाली उतरतो व उंची ऋण होते. ६२.८ सेंटिमीटर चालून झाल्यावर फेरी पूर्ण होते आणि सारे पहिल्यापासून सुरू होते. खुणा जोडल्या की साइनचा आलेख तयार. बिंदू मध्यापासून किती उजवीकडे वा डावीकडे आहे हे त्याच रीतीने मांडले तर कोसाइनचा आलेख मिळतो. तो साइनचाच, पाव फेरीने अलीकडे सरकलेला. १२० अंशांवर बिंदू मध्याच्या डावीकडे ५ सेंटिमीटर असल्याने कोसाइन उणे अर्धा येते. त्यासाठी नियम घोकण्याची गरज उरत नाही.

छापील पुस्तकांत जागेच्या सोयीसाठी आडवे व उभे प्रमाण बहुधा वेगवेगळे घेतलेले असते. ही सोय शिकणाऱ्यास महागात पडते. प्रमाण एकच ठेवले तर आरंभबिंदूपाशी आलेख ४५ अंशांत चढताना दिसतो, कारण तेथे बिंदू जवळजवळ सरळ वर जात असतो: जितकी चाल, तितकाच चढ.

हे निरीक्षण जुने आहे. इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथात पाव वर्तुळाचे २४ भाग करून अर्धज्येतील वाढ दिली आहे. त्रिज्या ३४३८ कला आणि प्रत्येक भाग २२५ कलांचा. पहिली वाढ २२५, म्हणजे कमानीइतकीच! त्यापुढे २२४, २२२, २१९ अशी ती घटत जाऊन अखेरची वाढ फक्त ७ उरते. पहिल्या आठ वाढींची बेरीज १७१९, म्हणजे नेमकी निम्मी त्रिज्या, आणि हेच ३० अंशांचे साइन. साइन हा शब्दही ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ या आपल्याच शब्दाचा, अरबीतून लॅटिनमध्ये जाताना अर्थ पालटलेला, वंशज आहे.

टॅनजंटविषयी थोडक्यात एवढेच. वर्तुळाच्या उजव्या टोकाशी उभी स्पर्शरेषा काढावी. बिंदूकडे जाणारी त्रिज्या वाढविली असता ती या रेषेला ज्या उंचीवर छेदते, ती उंची म्हणजे टॅनजंट. ९० अंशांवर दोन्ही रेषा समांतर होतात, छेद मिळत नाही, म्हणून तेथे आलेख तुटतो.

गोव्यातील खाजण शेतीच्या गावांना हा आलेख वेगळ्या रूपात परिचित आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंत स्थूलमानाने सहा तास आणि पाण्याच्या पातळीत दोन मीटरांचा फरक धरला, तर बिंदू वर्तुळाच्या तळापासून दर तासास ३० अंश चढतो. पाणी अनुक्रमे १३, ३७, ५०, ५०, ३७ व १३ सेंटिमीटर वाढते. पूर्ण ओहोटीच्या आधीचा एक तास व नंतरचा एक तास पातळी १३ सेंटिमीटरांच्या आतच राहते. बांधाचे खिंडार बुजविण्यास वा मानशीची दारे दुरुस्त करण्यास तेवढाच निवांत अवधी. पुढच्या तासात पाणी जवळजवळ तिप्पट वेगाने चढू लागते, आणि काम अर्धवट राहिल्यास खारे पाणी भातशेतीत शिरते.

प्रत्यक्षात एका दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, कारण येथे एकच वर्तुळ फिरत नसते. चंद्राची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी फेरी पुरी करते, सूर्याची १२ तासांनी. शिवाय दिवसातून एकदाच फिरणारी वर्तुळेही आहेत. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास पहिल्या दोन लाटांचे माथे जुळतात व उधाण येते. अष्टमीच्या सुमारास एकीचा माथा दुसरीच्या तळाशी येतो व भांगाची भरती होते. बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टके तयार करताना अशाच अनेक साइन आलेखांची बेरीज केली जाते.