विहिरीचे पाणी व जमीन कशामुळे बिघडते?

विहिरीचे पाणी मचूळ लागले किंवा जमिनीवर पांढरा थर दिसला की आपण बाजारातून जिप्सम आणून टाकतो. परंतु प्रत्येक ठिकाणी बिघाडाचे मूळ निराळे असते. ते ओळखल्याशिवाय केलेला खर्च वाया जातो.

1. नैसर्गिक क्षार : अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात भूजल मुळातच खारट आहे. चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत खडकातील फ्लोराईड पाण्यात उतरते. लिटरला 1.5 मि.ग्रॅ. पेक्षा जास्त फ्लोराईड असलेले पाणी पिऊ नये; त्याने दात व हाडे बिघडतात. बोअर अधिक खोल नेल्याने असे पाणी सुधारतेच असे नाही.

2. जादा पाणी : सांगली, कोल्हापूरकडील उसाच्या भारी जमिनीत मोकाट पाण्यामुळे पाण्याची पातळी वर येते आणि क्षार पृष्ठभागावर साचतात.

3. नत्र खते : यूरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 20 किलो नत्र असते. सर्व मात्रा एकदम देऊन भरपूर पाणी सोडल्यास नत्राचा काही भाग नायट्रेटच्या रूपाने विहिरीत जातो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मि.ग्रॅ. पेक्षा जास्त नसावे. तान्ह्या बाळांना ते विशेष घातक असते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही.

4. विहिरीजवळील घाण : उकिरडा, शोषखड्डा, फवारणी पंप धुतलेले पाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी खडकाच्या भेगांतून थेट विहिरीत उतरते.

काय करावे?

* पाणी व मातीची तपासणी करून घ्यावी. नमुन्यापूर्वी मोटार थोडा वेळ चालवावी. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून भरावी व लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी. पाणी पिण्याचे असल्यास तसे सांगावे.
* जमीन क्षारयुक्त असेल तर निचऱ्याचे चर काढून चांगल्या पाण्याने क्षार धुवावेत. जिप्सम चोपण जमिनीसाठी आहे. मात्र तेथेही निचरा हवाच.
* नत्र शिफारशीप्रमाणे विभागून द्यावे. शक्य तेथे ठिबक वापरावे.
* विहिरीला कठडा बांधावा. उकिरडा व शोषखड्डा उताराच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून दूर ठेवावा. पंप विहिरीवर धुऊ नये.

ज्या विहिरीचे पाणी पिकाला जाते, तेच पुष्कळदा घरात प्यायले जाते. म्हणून आधी तपासणी, मग उपाय, हा क्रम चुकवू नये.