हाड जुळेपर्यंत टिकणारा थर

दहावीचा निकाल लागला की पालक हमखास विचारतात, "मुलीला जीवशास्त्र आवडतं. अकरावीला गणित सोडलं तर चालेल ना?" झेपत असेल तर सोडू नका, असं माझं सांगणं असतं. जीवशास्त्राची आवड डॉक्टरकीकडे नेते, तशीच ती धातूंच्या प्रयोगशाळेतही नेऊ शकते.

काम नेमकं काय?

मोडलेलं हाड जोडायला स्टीलची किंवा टायटॅनियमची पट्टी आणि स्क्रू बसवतात. हाड जुळल्यावर ते काढायला अनेकदा दुसरं ऑपरेशन करावं लागतं. मॅग्नेशियमचा स्क्रू मात्र शरीरातच विरघळतो. अडचण एवढीच, की तो फार घाईने विरघळतो. शरीरातल्या खारट द्रवात एक ग्रॅम मॅग्नेशियम झिजलं, तर सुमारे एक लिटर हायड्रोजन सुटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियमचे सर्जन लांबोत यांनी मॅग्नेशियमची पट्टी स्टीलच्या खिळ्यांनी बसवली. दोन धातू एकत्र आल्याने ती आठ दिवसांतच विरली आणि कातडीखाली वायू साठला.

म्हणून अशा धातूवर काही मायक्रॉन जाडीचा संरक्षक थर देतात. तो फ्लोराइडचा असतो, विजेच्या साहाय्याने घडवलेल्या ऑक्साइडचा असतो, हाडातल्या खनिजासारख्या हायड्रॉक्सीॲपटाइटचा किंवा विरघळणाऱ्या पॉलिमरचाही असतो. हाड जुळण्याचे पहिले काही आठवडे त्याने धातूला सांभाळायचं आणि मग वाट मोकळी करून द्यायची. थर कच्चा असला तर स्क्रू आधीच ढिला पडतो. पक्का असूनही एका जागी चरा गेला, तर तिथूनच धातू खोल पोखरला जातो. हे वेळेचं गणित जमवणं, हेच इथलं खरं काम. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या, विरघळणाऱ्या मॅग्नेशियम स्टेंटला २०१६ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. त्यावर औषध मिसळलेल्या पॉलिमरचा थर असतो.

वाट कुठून?

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन बारावी करावी. जमल्यास सोबत जीवशास्त्रही ठेवावं. पुढे मेटलर्जी आणि मटेरियल्सचं बी.टेक. आयआयटी मुंबई, नागपूरचं व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपी इथे आहे. माटुंग्याच्या आयसीटीत तर सरफेस कोटिंग टेक्नॉलॉजी हाच स्वतंत्र विषय आहे. त्यानंतर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक. आणि संशोधनाची ओढ असल्यास पीएच.डी.

पालकांसाठी

केवळ विरघळणाऱ्या इम्प्लांटवर काम करायच्या जागा आज मोजक्याच आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक संशोधनातल्या आहेत. शिक्षणही लांबतं. पण गंज आणि थर यांचं ज्ञान वाया जात नाही. वाहनं, रंग, प्लेटिंग, वैद्यकीय उपकरणं अशा सगळ्याच उद्योगांना ते लागतं. तेव्हा मुलांना हा विषय निवडू द्या, पण बी.टेक.च्या पायावर नोकरी मिळेल एवढी तयारीही करून घ्या.

आधी हे करून पाहा

शाळेत मॅग्नेशियमची फीत असते. शिक्षकांच्या देखरेखीखाली तिचे दोन तुकडे घ्या आणि एकाला नेलपॉलिश लावा. दोन्ही तुकडे मिठाच्या पाण्याच्या उघड्या भांड्यांत ठेवा. जवळ ज्योत नको. रोज बुडबुडे पाहा आणि वहीत नोंदी करा. आठवड्याने नेलपॉलिशला सुईने एक चरा पाडा. दुसऱ्या दिवशी त्या चऱ्याशी काय झालं हे पाहायला जो मुलगा किंवा मुलगी आपणहून धाव घेईल, त्याच्याशी किंवा तिच्याशी या वाटेबद्दल मोकळेपणाने बोला.