एकस्वाचा अर्ज : शोधापासून हक्कापर्यंत

गावातील लोहाराने तिफणीला बसविलेली नवी रचना, तंत्रशाळेतील विद्यार्थ्याने तयार केलेले पाणी मोजण्याचे उपकरण किंवा बचतगटातील महिलांनी शोधलेली फळप्रक्रियेची सुधारित पद्धत यांचे प्रदर्शनांतून कौतुक होते, वृत्तपत्रांतून छायाचित्रे झळकतात. त्या कल्पनेवरील कायदेशीर हक्काचा विचार मात्र बहुधा मागाहून होतो आणि तोवर पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते. एकस्व, म्हणजेच पेटंट, मिळण्यासाठी अर्जाच्या दिवशी शोध नवीन असावा लागतो. खुद्द संशोधकानेच तो आधी जाहीर केला असेल, तरीही त्याचे नावीन्य सामान्यतः संपुष्टात येते. म्हणून आधी अर्ज आणि नंतर प्रसिद्धी हा क्रम शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनी ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

एकस्व म्हणजे काय?

आपला शोध इतरांना परवानगीविना तयार करू न देण्याचा, वापरू न देण्याचा वा विकू न देण्याचा मर्यादित मुदतीचा हक्क म्हणजे एकस्व. त्याच्या बदल्यात संशोधकाने शोधाची संपूर्ण माहिती समाजापुढे ठेवावयाची असते. भारतात एकस्व अधिनियम, १९७० हा कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. १९९९, २००२ व २००५ साली त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. एकस्वाची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते आणि भारतात मिळालेले एकस्व भारतापुरतेच लागू असते.

शोधाला तीन कसोट्या लावल्या जातात. तो जगात कोठेही पूर्वी जाहीर झालेला नसावा. त्या विषयातील जाणकारालाही सहज सुचण्यासारखा नसावा. आणि उद्योगात त्याचा उपयोग करता यावा.

काय वगळले आहे?

अधिनियमाच्या कलम ३ मध्ये वगळलेल्या गोष्टींची यादी आहे. शेतीची किंवा फळबागेची पद्धत, माणसांवर वा जनावरांवर करावयाच्या उपचाराची पद्धत, गणिती वा व्यवसायाची पद्धत, केवळ संगणकाचा कार्यक्रम आणि पारंपरिक ज्ञान यांवर एकस्व मिळत नाही. मात्र पेरणीच्या पद्धतीवर एकस्व नसले, तरी पेरणीच्या नव्या अवजारावर ते मिळू शकते.

वनस्पतींचे वाणही या कायद्याबाहेर आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड (तालुका नागभीड) येथील दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात निवड पद्धतीने एचएमटी हा भाताचा वाण विकसित केला. हे बियाणे दूरवर पसरले. पण त्या काळी देशात वाणाच्या नोंदणीचा कायदाच नव्हता. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम २००१ साली झाला. त्यानुसार आता शेतकऱ्याच्या वाणाचीही नोंदणी होऊ शकते. बियाण्याच्या बाबतीत हाच मार्ग अनुसरावयाचा असतो.

अर्जापूर्वीची तयारी

प्रथम आपल्यासारखा शोध पूर्वी कोणी लावला आहे काय, याचा तपास करावा. भारतीय एकस्व कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुने अर्ज व एकस्वे विनामूल्य पाहता येतात. या तपासाने व्यर्थ खर्च वाचतो आणि आपल्या शोधात नेमके नवे काय आहे, हेही स्पष्ट होते.

दुसरी दक्षता गुप्ततेची. शोध दाखवावयाचा झाल्यास गोपनीयतेचा लेखी करार करून घ्यावा. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात शोध मांडला किंवा संशोधकाने विद्वत्सभेत निबंध वाचला, तर बारा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची सवलत आहे. प्रत्येक शालेय विज्ञान प्रदर्शनास ती लागू होते, असे समजू नये.

विनिर्देश आणि दावे

शोधाच्या लेखी वर्णनास विनिर्देश म्हणतात. शोधाचे स्वरूप ठरले आहे, पण प्रयोग अपुरे आहेत, अशा वेळी तात्पुरता विनिर्देश दाखल करून तारीख मिळविता येते. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत पूर्ण विनिर्देश सादर करावा लागतो. अन्यथा अर्ज सोडून दिला असे मानले जाते. जी गोष्ट तात्पुरत्या विनिर्देशात नाही, तिला ती आधीची तारीख मिळत नाही.

पूर्ण विनिर्देशाचा प्राण म्हणजे दावे. संशोधक कशावर हक्क सांगतो, याची हद्द दाव्यांनी आखली जाते. ठरावीक अंतरावर बी सोडणारी चकती तिफणीला बसविली आहे, असे समजा. ‘बी पेरणारी तिफण’ असा दावा केल्यास तो टिकणार नाही, कारण तिफण जुनीच आहे. ‘पितळेची आठ छिद्रांची चकती’ एवढाच दावा केला, तर दुसरा कोणी लोखंडाची नऊ छिद्रांची चकती करून त्यातून निसटू शकेल. म्हणून चकतीचे कार्य व तिची जोडणी यांवर बेतलेला दावा असावा. येथे जाणकार एकस्व अभिकर्त्याचे साहाय्य उपयोगी पडते. तथापि अर्जदाराला स्वतःही अर्ज करता येतो.

अर्ज, प्रसिद्धी व परीक्षण

देशात कोलकाता, दिल्ली, चेन्नई व मुंबई येथे एकस्व कार्यालये आहेत. महाराष्ट्र व गोवा येथील अर्जदारांचे अर्ज मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात. नमुना १ हा अर्जाचा, तर नमुना २ विनिर्देशाचा असतो. अर्ज संगणकाद्वारे पाठविल्यास व्यक्ती, नवउद्योग, लघुउद्योग व शिक्षणसंस्था यांना मूळ शुल्क १,६०० रुपये पडते. खऱ्या व प्रथम संशोधकाचे नाव अर्जात देणे बंधनकारक आहे. विद्यार्थ्याचा शोध शिक्षकाच्या वा संस्थेच्या नावावर खपविता येत नाही; संस्थेला अर्ज करावयाचा असल्यास संशोधकाकडून हक्क लेखी घ्यावा लागतो.

सामान्यतः १८ महिन्यांनी अर्ज एकस्व कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होतो. परंतु केवळ अर्ज केल्याने परीक्षण होत नाही. त्यासाठी नमुना १८ मध्ये वेगळी विनंती करावी लागते. वरील अर्जदारांसाठी तिचे शुल्क ४,००० रुपये आहे. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांसाठी ही विनंती ३१ महिन्यांच्या आत करावयाची आहे. ही मुदत चुकल्यास अर्ज निकाली निघतो.

परीक्षकाच्या आक्षेपांचा पहिला अहवाल आल्यावर घाबरून जाऊ नये. बहुतेक अर्जांवर आक्षेप येतातच. सहा महिन्यांच्या आत उत्तर द्यावे, गरज पडल्यास दावे सुधारावेत.

हरकतीचा अधिकार

प्रसिद्धीनंतर आणि मंजुरीपूर्वी कोणत्याही व्यक्तीला लेखी हरकत घेता येते. मंजुरी प्रसिद्ध झाल्यानंतरही एक वर्षापर्यंत हितसंबंधी व्यक्तीस हरकत नोंदविता येते. लेखी पुराव्याचे महत्त्व हळदीच्या प्रकरणाने दाखवून दिले. जखम भरून काढण्याच्या हळदीच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली एकस्व देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांतील व नियतकालिकांतील पुरावे सादर केले आणि १९९७ साली ते रद्द झाले. घरोघरी ठाऊक असलेली गोष्टही कागदावर दाखवावी लागली. गावातील पारंपरिक ज्ञानाच्या नोंदी ठेवणे किती मोलाचे आहे, हे यावरून लक्षात येईल.

मंजुरीनंतर

एकस्व टिकविण्यासाठी तिसऱ्या वर्षापासूनचे नूतनीकरण शुल्क भरावे लागते. शोधाचा देशात वापर होत आहे की नाही, याचे विवरणही ठरावीक काळाने द्यावे लागते. तीन वर्षांनंतर जनतेची वाजवी गरज भागत नसेल किंवा किंमत परवडणारी नसेल, तर शासन दुसऱ्यास सक्तीचा परवाना देऊ शकते. २०१२ साली मुंबईतून सोराफेनिब या कर्करोगावरील औषधासाठी असा परवाना देण्यात आला होता. हक्काबरोबर समाजाप्रती जबाबदारीही येते, हा या तरतुदीचा अर्थ आहे.

ग्रामीण संशोधकांना गांधीनगर येथील राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाचे साहाय्य मिळू शकते. नागपूर येथील राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत या विषयाचे प्रशिक्षण दिले जाते. गावातील कल्पक माणसाला हे मार्ग वेळीच दाखविणे हे शिक्षकांचे व पंचायतीचे काम आहे. प्रदर्शनातील बक्षीस चार दिवस टिकते. वेळेवर केलेला अर्ज मात्र वीस वर्षांच्या हक्काचा पाया ठरू शकतो.