खुणेचा आवाज

बेंगळुरूनजीक तरळू येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाने २०११ मध्ये श्वानशाळा स्थापिली. तेथे शिकलेली कुत्री सुरुंग हुडकतात. घरच्या पिलाने निदान ‘ये’ म्हणताच रहदारीतून परत यावे.

याकरिता प्रथम घरातच जिभेने ‘टक्’ असा आवाज करून तत्काळ खाऊ द्यावा. पुनःपुन्हा असे केल्यास आवाज ही खाऊची खूण ठरते. नंतर पिलू आपल्याकडे वळताच, त्याच क्षणी, आवाज करून खाऊ द्यावा. खाऊ काढीपर्यंत पिलाचे लक्ष अन्यत्र जाते. आवाज मात्र नेमकी कृती दाखवितो. ती पक्की झाल्यावर तिच्या आधी ‘ये’ म्हणावे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी हे तत्त्व १९५१ मध्ये सामान्य वाचकांपुढे मांडले. उशिरा आलेल्या पिलास मारू नये. मारल्यास ‘ये’ या शब्दाचेच त्यास भय वाटेल.